फोन रिसेट केल्यावर कॅलेंडरमधल्या नोंदी गेल्या: त्या कुठे शोधायच्या आणि आधी कशाला हात लावायचा नाही

सिंहगड रस्त्यावरच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्या घरून पुरणपोळ्या, उकडीचे मोदक आणि गौरीच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतात. त्यांचा सॅमसंगचा फोन सारखा अडकत होता म्हणून दुरुस्तीला दिला, तिथून तो फॅक्टरी रिसेट होऊन, म्हणजे आतलं सगळं पुसून, आला. घरी येऊन त्यांनी नेहमीचा जीमेल टाकला. नंबर आले, फोटो आले. कॅलेंडर उघडलं तर सरकारी सुट्ट्या आणि ओळखीच्यांचे वाढदिवस तेवढे दिसतात, सहा महिन्यांत लिहिलेली एकही ऑर्डर नाही. गौरी तीन आठवड्यांवर आल्या आहेत आणि कुणाला किती पानं कबूल केली ते आठवत नाही.

ताई, मी पंधरा वर्षं पुण्यात लोकांच्या घरी जाऊन फोन आणि कॉम्प्युटर नीट करून देतो. तुमच्यासारखी अडचण महिन्यातून एकदा तरी समोर येते, आणि बऱ्याचदा मी पोहोचेपर्यंत घाबरून काहीतरी दाबलेलं असतं. म्हणून आधी काय करायचं नाही ते सांगतो.

आजच व्हॉट्सअ‍ॅप बघा. जुने संवाद दिसत असतील तर चिंता नाही. पण व्हॉट्सअ‍ॅप कोरं उघडलं असेल तर सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे जाऊन आपोआप होणारा बॅकअप लगेच बंद करा. नाहीतर आजच्या कोऱ्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप होईल आणि तो गुगल ड्राइव्हवरच्या जुन्या बॅकअपची जागा घेईल. बंद केल्यावर ड्राइव्हच्या बॅकअप यादीत व्हॉट्सअ‍ॅपपुढे कोणती तारीख आहे ते पाहा. तारीख रिसेटच्या आधीची असेल तर व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाका, तोच मोबाइल नंबर आणि तोच जीमेल वापरा, आणि 'रिस्टोअर' विचारलं की हो म्हणा. कॅलेंडरच्या प्रश्नात व्हॉट्सअ‍ॅप कुठून आलं, असं वाटेल. तुमच्या ऑर्डरींची दुसरी प्रत तिथेच आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

दुसरं, फोनच्या ॲपच्या यादीतल्या 'कॅलेंडर स्टोरेज'चा डेटा साफ करू नका. सिंक, म्हणजे फोन आणि अकाउंट यांतल्या नोंदींची आपोआप होणारी जुळवणी, अडकलं की हाच उपाय सगळे सांगतात, आणि जीमेलच्या नोंदींसाठी तो खरोखर चालतो. पण त्याची किंमत मी एकदा पाहिली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी कर्वेनगरात एका फिजिओथेरपिस्ट बाईंच्या फोनचं सिंक अडकलं होतं. मी डेटा साफ केला आणि जीमेलमधल्या नोंदी पाच मिनिटांत परत आल्या. मात्र रुग्णांच्या वेळा त्यांनी फोनच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये लिहिल्या होत्या, जीमेलमध्ये नाही. त्या कायमच्या गेल्या. बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. आठवडाभर एकेका रुग्णाला फोन लावून वेळ विचारत बसल्या. तेव्हापासून मी कुठल्याही बटणाला हात लावण्याआधी एकच विचारतो: ही नोंद कुणाच्या नावावर लिहिली होती?

तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर त्यात आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

कॅलेंडरचं ॲप उघडल्यावर आपल्याला एकच वही दिसते. प्रत्यक्षात ते चार-पाच बटर पेपर एकावर एक ठेवून वरून बघितल्यासारखं असतं. एका कागदावर सुट्ट्या, तो गुगलकडून येतो. एकावर वाढदिवस, तो तुमच्या कॉन्टॅक्ट्समधून तयार होतो. एक तुमच्या जीमेलचा, एक सॅमसंग अकाउंटचा, ऑफिस असेल तर एक ऑफिसचा. आणि एक कागद फक्त फोनचा, ज्याची प्रत बाहेर कुठेच नसते. नोंद करताना खाली बारीक अक्षरात कॅलेंडरचं नाव आणि रंगाचा ठिपका असतो. तिथे जे नाव असेल त्या कागदावर नोंद जाते. बहुतेक लोक ते नाव कधी बघत नाहीत, आणि ॲप शेवटी निवडलेलंच नाव पुढेही वापरत राहतं. रिसेटने फक्त फोनमधली प्रत पुसली जाते. गुगलला किंवा सॅमसंगला 'नोंदी काढून टाका' असा निरोप जात नाही. जी नोंद अकाउंटवर पोहोचली होती ती अजून तिथे आहे, आणि जी फोनच्याच कागदावर होती ती रिसेटबरोबर गेली.

तुम्हाला सुट्ट्या आणि वाढदिवस दिसतात, त्यावरून तुमच्या ऑर्डरी जीमेलमध्ये होत्या असं ठरत नाही. ते दोन्ही कागद आपोआप येतात, अगदी नव्या माणसाच्या फोनमध्येही. त्यामुळे फोनमध्ये शोधणं थांबवा आणि कॉम्प्युटरवर बसा. सायबर कॅफे नको. घरातल्या किंवा विश्वासातल्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर गुगल कॅलेंडर उघडा आणि फोनमध्ये टाकलेल्या जीमेलनेच आत जा. फोनमध्ये काय दिसतं यापेक्षा इथे काय दिसतं हे खरं धरायचं.

तिथे महिने उलटत बसू नका, वरच्या शोधपट्टीत शब्द टाका. तुम्ही ऑर्डर 'पुरणपोळी' अशी लिहीत होता की इंग्रजी अक्षरांत, ते आठवा आणि दोन्ही प्रकारे शोधा. ग्राहकाचं आडनाव टाका, 'पान' टाका, 'ॲडव्हान्स' टाका. डावीकडे कॅलेंडरांची यादी असते, त्यातल्या सगळ्या चौकटींवर खूण आहे का तेही पाहा. खूण नसेल तर नोंदी असूनही दिसत नाहीत. तिथेच गिअरच्या चिन्हात 'ट्रॅश' आहे. पुसलेली नोंद त्यात ३० दिवस राहते आणि एका टिचकीत परत येते. रिसेटमुळे ट्रॅशमध्ये काही जात नाही हे खरं, पण फोन अडकतोय म्हणून 'जागा करायला' कुणी हाताने नोंदी उडवल्या असतील तर त्या इथे सापडतील.

लॅपटॉपवर ऑर्डरी दिसल्या आणि फोनवर नाहीत, तर तुमचं काम जवळजवळ झालं. फोनच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडा, जीमेलवर टिचकी मारा, सिंकच्या यादीत 'कॅलेंडर' चालू करा. मग गुगल कॅलेंडर ॲपच्या सेटिंग्जमध्ये त्या कॅलेंडरच्या नावावर जाऊन तिथलंही सिंक चालू आहे का पाहा, कारण हे दोन वेगळे खटके आहेत आणि दुसरा अनेकांना माहीत नसतो. बॅटरी सेव्हर बंद ठेवा, फोनमध्ये जागा मोकळी असू द्या, वायफायवर अर्धा तास थांबा.

लॅपटॉपवरही नाहीत, तर दोन शक्यता उरतात: दुसरा जीमेल किंवा सॅमसंगचं अकाउंट.

दुसरा जीमेल आपल्याकडे फार घरांत असतो. एक मुलाने काढून दिलेला, एक फोन घेताना दुकानात घाईत काढलेला, एक बँकेसाठी. आठवण्यासाठी एक खूण सांगतो. रिसेट सेटिंग्जमधून न करता बटणं दाबून केलेला असेल तर फोन सुरू होताना 'या फोनवर आधी असलेलं अकाउंट टाका' असं अडवून विचारतो. तेव्हा कोणता पत्ता टाकला होता? किंवा दुकानात विचारा, त्यांना तो मागावा लागला असेल. गुगल अकाउंटच्या सुरक्षा पानावर कोणती उपकरणं जोडली होती त्याची यादी असते. प्रत्येक जीमेलची यादी बघितली की तुमचा फोन कोणत्या अकाउंटवर होता ते कळतं.

पण तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय सॅमसंग अकाउंटवर आहे. तुम्ही लिहिलंत की घरी आल्यावर 'जीमेल टाकला'. सॅमसंगचं अकाउंट टाकल्याचा उल्लेख नाही. सॅमसंगच्या स्वतःच्या कॅलेंडर ॲपमध्ये नोंद केली की ती सॅमसंग अकाउंटवर किंवा फोनवर जाण्याची शक्यता चांगली असते. पहिलं असेल तर ऑर्डरी सुखरूप आहेत, फक्त तुम्ही त्या दाराने आत गेला नाहीत. सेटिंग्ज उघडल्यावर सगळ्यात वर सॅमसंग अकाउंट दिसेल. नवीन काढू नका, जुनंच शोधा. सगळ्या जीमेलच्या इनबॉक्समध्ये इंग्रजीत 'Samsung account' असं शोधलं की स्वागताची किंवा पासवर्डची जुनी मेल सापडते, आणि ज्या पत्त्यावर ती आली तोच तुमचा आयडी. पासवर्ड बदलून घेता येतो. आत गेल्यावर 'अकाउंट्स अँड बॅकअप' मध्ये सॅमसंग क्लाउड उघडा, कॅलेंडरचं सिंक चालू करा आणि थांबा. तिथेच 'रिस्टोअर डेटा' आहे. तुमच्या फोनच्या नावाने जुना बॅकअप असेल आणि त्याच्या यादीत कॅलेंडर असेल तर फक्त त्यावर खूण करून परत आणा. शेवटी सॅमसंग कॅलेंडरच्या तीन रेघांत जाऊन सगळी कॅलेंडरं दिसायला चालू आहेत का ते बघा.

हे करतानाच दुरुस्ती करणाऱ्याला फोन करा, उद्यावर टाकू नका. रिसेटच्या आधी त्यांनी स्मार्ट स्विचने (सॅमसंगचं बॅकअप घ्यायचं ॲप) कॉम्प्युटरवर किंवा मेमरी कार्डवर बॅकअप घेतला होता का, एवढंच शांतपणे विचारा. बरेच कारागीर घेतात आणि गिऱ्हाईक फोन घेऊन गेलं की दोन-चार दिवसांत पुसतात. भांडणाच्या सुरात विचारलं तर 'नाही घेतला' हेच उत्तर पटकन येतं.

आणखी एक जागा: कपाटातला जुना फोन. दोन वर्षांपूर्वी हा फोन घेतला तेव्हा जुन्यातल्या नोंदी इकडे आल्या असतील, पण जुन्यातल्या पुसल्या गेल्या नसतील. या सहा महिन्यांच्या ऑर्डरी त्यात मिळणार नाहीत, पण हा फोन घेण्याआधीच्या गौरींचे ग्राहक आणि पानांचे आकडे मिळतील, आणि तुमच्या धंद्यात दरवर्षी तीच घरं परत येतात. तो फोन चार्ज करून सुरू करण्याआधी सिम काढा आणि घरचं वायफाय बंद ठेवा. नेटला लागला की तो अकाउंटशी जुळवून घेईल, आणि तिथे काही पुसलेलं असेल तर इथूनही पुसेल. आधी पानापानाचे फोटो काढा, मग नेट.

या तारखा बघताना एक लक्षात असू द्या. 'दरवर्षी' अशी पुनरावृत्ती लावलेली नोंद इंग्रजी तारखेला चिकटते, तिथीला नाही. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. मागच्या नोंदी शोधताना आगेमागे महिनाभर बघा, नाहीतर नोंद असूनही हाती लागणार नाही.

आता पैसे मागणाऱ्यांबद्दल. तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात किंवा आणखी कुठे कुणी म्हणालं की रिसेट झालेल्या फोनमधून सगळं काढून देतो, तर पैसे देऊ नका. अँड्रॉइड १० पासून प्रत्येक नव्या फोनमध्ये साठवलेली माहिती कुलूपबंद अवस्थेत असते आणि रिसेट त्या कुलपाची किल्लीच नष्ट करतो. चिपवर काही उरलं तरी ते वाचता येत नाही. मेमरी कार्डावरचे पुसलेले फोटो काही वेळा परत येतात, म्हणून लोकांना आशा वाटते. फोनच्या आतल्या कॅलेंडरला ते लागू नाही. हजारो रुपये घालवून रिकाम्या हाताने परत आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या हातचे ते दोन-चार दिवस वाया जातात त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

ताईंसारखीच अडचण पण लक्षणं वेगळी असलेल्या वाचकांसाठी थोडक्यात. पुढच्या नोंदी दिसतात पण जुन्या नाहीत, तर त्या बहुधा गेलेल्या नसतात. फोन ठरावीक काळापुरतंच मागचं आणतो. आयफोनवर कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये 'सिंक'ला 'ऑल इव्हेंट्स' निवडा. आयक्लाउडच्या संकेतस्थळावर 'डेटा रिकव्हरी'मध्ये कॅलेंडरच्या मागच्या ३० दिवसांतल्या प्रती असतात, पण जुनी प्रत आणली की सध्याची सगळी कॅलेंडरं बदलली जातात, म्हणून दोनदा विचार करून दाबा. सगळ्या नोंदी आहेत पण वेळा भलत्याच आहेत, सकाळी ७ची शिकवणी मध्यरात्री १:३०ला दिसते, तर टाइम झोन चुकला आहे. साडेपाच तासांचा फरक म्हणजे तीच खूण. तारीख आणि वेळ 'ऑटोमॅटिक' करा, नोंदी हाताने सुधारू नका. फोनची तारीखच जुनी राहिली असेल तर सिंकही होत नाही. हिंजवडीत काम करणाऱ्यांच्या फक्त मीटिंगा गेल्या असतील तर ऑफिसचं अकाउंट पुन्हा जोडा. आउटलुक ॲपमधलं कॅलेंडर फोनच्या कॅलेंडरमध्ये दिसायला ॲपच्या सेटिंग्जमधून वेगळी परवानगी द्यावी लागते. गुगल कॅलेंडरमधले जुने 'रिमाइंडर' सापडत नसतील तर ते २०२३ मध्ये 'टास्क्स'मध्ये गेले आहेत, यादीत त्या चौकटीवर खूण करा.

एक लक्षण थोडं फसवं असतं. जीमेलमध्ये काही नोंदी आहेत आणि काही नाहीत, त्यात क्रम लागत नाही. अशा वेळी कार्यक्रमाच्या तारखेकडे बघू नका, नोंद कधी लिहिली ते आठवा. समजा, जूनपर्यंत लिहिलेलं सगळं आहे, मग ते दिवाळीचं का असेना, आणि त्यानंतर लिहिलेलं काहीच नाही, असं निघालं तर जूनमध्ये सिंक बंद पडलं होतं. फोन भरला होता किंवा बॅटरी सेव्हरने अडवलं होतं. ताई, तुमचा फोन अडकत होता म्हणता, त्यामुळे अर्धवट नोंदी मिळाल्या तर कारण बहुधा हेच. सिंक बंद पडल्यानंतरच्या नोंदी कुठल्याच अकाउंटवर पोहोचल्या नसतील, त्यामुळे तेवढ्याच पुन्हा गोळा करायच्या आहेत.

हे सगळं करून हाती काहीच लागलं नाही, असं धरून पुढचं सांगतो. एका दुपारीत तुमची बहुतेक यादी उभी राहील. ज्यांनी आगाऊ रक्कम पाठवली त्यांची नावं, तारखा आणि आकडे बँकेत आहेत. बँकेच्या ॲपमधून सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि यूपीआयने आलेल्या रकमांवर खुणा करा. त्यातलं प्रत्येक नाव व्हॉट्सअ‍ॅपमध्ये शोधा, तिथे 'गौरीला २५ पानं' असं कुणी ना कुणी लिहिलेलं असतं. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या शोधात नुसतं 'पानं', 'किलो', 'डझन', 'मोदक' टाका, आगाऊ न देणारे त्यात सापडतील. फोनवरून तोंडी ऑर्डर देणारे राहतील. त्यांच्यासाठी कॉल लॉग रिसेटमधून परत आला आहे का पाहा, आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून घ्या. दूध आणि सिलेंडरच्या खुणांशेजारी ऑर्डरीही लिहिलेल्या असतात. ज्यांचा आकडा कुठेच मिळत नाही त्यांना सरळ सांगा, 'फोन बिघडला, माझ्याकडची नोंद गेली, एकदा पानं सांगता का?' जेवण न पोहोचण्यापेक्षा हा फोन कुणालाही परवडतो.

यादी तयार झाली की पुढची नोंद लिहिण्याआधी कॅलेंडर नीट लावा. गुगल कॅलेंडरमध्ये 'ऑर्डर' नावाचं वेगळं कॅलेंडर लॅपटॉपवरून तयार करा आणि घरातल्या एकाला शेअर करा. प्रत त्यांच्याही फोनमध्ये राहील. फोनमध्ये नवी नोंद करताना खालचं नाव 'ऑर्डर'च आहे याची डोळ्यांनी खात्री करा. मग एक खोटी नोंद लिहा, दोन मिनिटं थांबा आणि ती लॅपटॉपवर दिसते का पाहा. दिसली तरच खरी लिहायला घ्या. दर महिन्याला लॅपटॉपवरून सेटिंग्जमध्ये 'इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट' उघडून फाइल उतरवून ठेवा. परत टाकायची वेळ आली तर एकदाच टाका, दोनदा टाकली की प्रत्येक ऑर्डर दोनदा दिसण्याची शक्यता असते.

क्रम पुन्हा एकदा: आजच व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, दुकानात फोन आणि सॅमसंगचं जुनं अकाउंट, उद्या लॅपटॉप. आणि यादी लिहायला बसाल तेव्हा गौरीची पानं आधी, बाकीच्या ऑर्डरी मागाहून.